पाणी आणि भाकरी: दुष्काळी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावात वाढलो आणि पुढे बरीच वर्षं पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवण्याच्या, कामात काढली, त्यामुळे हे प्रश्न मला सारखे भेटतात. काही ग्रामसभेत, काही एसटीत, काही शहरातल्या कॉलेजांमध्ये. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त पट्ट्याला धरून दिली आहेत, कारण तो मला आतून माहीत आहे. जिथे गरज होती तिथे आफ्रिकेतल्या आणि पंजाबातल्या गोष्टी घेतल्या आहेत.

अन्नसुरक्षा म्हणजे गोदामात धान्य असणं, एवढंच ना?

तेवढ्याने भागत नाही. १९९६ साली रोममध्ये जागतिक अन्न शिखर परिषद झाली. तिथे ठरलेल्या व्याख्येत चार गोष्टी येतात: धान्य असलं पाहिजे, ते माणसाला मिळवता आलं पाहिजे, खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे आणि हे सगळं एका वर्षापुरतं न राहता टिकलं पाहिजे.

या चारही ठिकाणी पाणी आहे. पहिलं तर उघडच आहे, पाण्याशिवाय पीक नाही. पण दुसऱ्याचा विचार कमी होतो. ज्या घराची मिळकत शेतमजुरीवर चालते, तिथे पाऊस ओढ देतो तेव्हा पिकाआधी मजुरी जाते. खुरपण नाही, काढणी नाही, म्हणजे हातात पैसा नाही. दुकानात पोत्यांची थप्पी असते आणि घरात पीठ नसतं. 'अंगी लागणं' आणि 'टिकणं' या दोन्हींविषयी पुढे सविस्तर लिहिलं आहे.

एका माणसाच्या जेवणाला पाणी लागतं तरी किती?

पिण्याला दिवसाला दोन-चार लिटर पुरतं. तेवढ्याच दिवसाचं अन्न पिकवायला साधारण दोन ते पाच हजार लिटर लागतं. त्यात पावसाचं पाणीही धरलेलं आहे. दहा हजार लिटरचा टँकर गावात आला की हंड्यांची रांग लागते. तो अख्खा टँकर म्हणजे तीन-चार माणसांच्या एका दिवसाच्या जेवणामागचं पाणी. म्हणून टँकरने तहान भागवता येते, शेत भागवता येत नाही.

जगात नद्या, तलाव आणि जमिनीखालून जे गोडं पाणी उपसलं जातं, त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं. भारतात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर आहे. घरातला नळ बंद ठेवणं चांगलंच, पण पाण्याचा खरा हिशोब शेतात होतो.

पाऊस कमी पडला म्हणजे दुष्काळ, असंच आहे का?

पाऊस किती पडला याइतकंच तो कधी पडला आणि कशावर पडला, हे महत्त्वाचं. आमच्याकडे वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस होतो. तो मोजक्या दिवसांत कोसळतो. मृगात पेरलं आणि नंतर तीन आठवडे आभाळ कोरडं राहिलं, तर वर्षाची सरासरी पूर्ण होऊनही दुबार पेरणी गळ्यात पडते. बियाणं गेलं, खत गेलं, उसनवारी मात्र राहिली.

खाली जमीन कसली आहे हेही पाहिलं पाहिजे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भूभाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. गंगेच्या मैदानातल्या गाळासारखी या दगडात जागा नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. ही साठवण इतकी तोकडी आहे की पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरते आणि होळीला तिचा तळ दिसतो. दरवर्षी भरायची, दरवर्षी रिकामी व्हायची. साठवलेली पुंजी अशी आमच्या जमिनीकडे नाहीच.

१९७२ च्या दुष्काळात लोक उपाशी मेले का?

त्या दुष्काळाची नीट नोंद घ्यायला हवी, कारण या विषयातला सगळ्यात मोठा धडा तिथे आहे. १९७० ते ७३ अशी सलग वर्षं पाऊस दगा देत गेला आणि १९७२ ला कळस झाला. धान्याचं उत्पादन कोसळलं. आमच्या आजीच्या तोंडी 'बहात्तर सालचा दुष्काळ' आला की पाठोपाठ मिलो यायचा, परदेशातून आलेली लालसर ज्वारी. आणि सुकडी यायची, दुष्काळात वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ. मिलोची भाकरी थापताना मोडायची, असं ती सांगायची.

एवढं पीक बुडूनही १९४३ च्या बंगालसारखे लाखो बळी इथे गेले नाहीत. कारण काम दिलं गेलं. मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती. आठवड्याला मजुरी हातात पडली की ती बाजारात जायची आणि धान्य त्या बाजाराकडे ओढलं जायचं. पाऊस गेला, पीक गेलं, पण धान्य विकत घेण्याची ताकद पूर्ण गेली नाही.

यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिची कल्पना आधीच मांडली होती. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ साली देशभरासाठी झालेल्या रोजगार हमी कायद्याला तिचाच आधार होता. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. भुकेल्या माणसांनी पोटासाठी जी माती उचलली, त्यातूनच पाझर तलाव झाले. त्यातले कितीतरी आजही पाणी धरतात.

महाराष्ट्रात देशातली सगळ्यात जास्त मोठी धरणं आहेत. मग शेतं कोरडी का?

'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण उगाच रुळलेली नाही. धरणांच्या संख्येत राज्य पहिलं आहे, तरी लागवडीखालच्या जमिनीपैकी ओलिताखाली साधारण पाचवा हिस्सासुद्धा धड येत नाही. बाकी सगळं आभाळाच्या भरवशावर.

उजनीचं उदाहरण घ्या. सोलापूर जिल्ह्यातलं भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांखाली राहणारं पाणी. कालव्याचं नियोजन करताना पाणी कागदावर दूरदूरच्या गावांपर्यंत पोचतं. प्रत्यक्षात आवर्तन, म्हणजे कालव्याची पाळी, सुटलं की वरच्या अंगाचे लोक आधी भिजवतात. जलाशयाच्या काठाने मोटारी बसतात, पाइपलाइनी जातात, बारमाही पिकं उभी राहतात. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या चारीत गवत उगवतं. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची गावं उजनीच्या जिल्ह्यात राहूनही वर्षानुवर्षं पाण्यासाठी भांडत आली आहेत.

हेच नदीच्या पातळीवर होतं. नाशिक-अहिल्यानगरकडची धरणं आधी भरायची की पैठणच्या जायकवाडीत पाणी सोडायचं, हा वाद कमी पावसाच्या वर्षी पेटतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने नदीखोऱ्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व लिहून ठेवलं. ते अंमलात आणताना दरवेळी कोर्टाची पायरी चढावी लागते, हे दुःखाचं आहे.

सगळा दोष उसाचा आहे का?

उसाचा हिशोब आधी मांडू, दोषाचं नंतर बघू.

राज्यातल्या लागवडीच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आसपास जागेत ऊस असतो आणि सिंचनाच्या पाण्यातलं जवळपास ७० टक्के पाणी तो घेतो, असं केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने दाखवून दिलं होतं. एक किलो साखरेमागे आपल्याकडे साधारण दोन हजार लिटर पाणी जातं.

आता शेताच्या बांधावर उभे राहून बघा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. उसाला दोन हजार मिलिमीटर लागतं असं धरा आणि त्यातलं चारशे पावसाने दिलं असं समजा. उरलेले सोळाशे मिलिमीटर, म्हणजे एक कोटी साठ लाख लिटर, कालव्यातून किंवा बोअरमधून द्यावे लागतात. रब्बी ज्वारीला पोटरीत असताना, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, एक संरक्षित पाणी द्यायचं तर साठ-सत्तर मिलिमीटर पुरतं, म्हणजे सहा-सात लाख लिटर. एका हेक्टर उसाच्या पाण्यात वीस हेक्टरांहून जास्त ज्वारीला ते एक पाणी देता येतं. आणि कोरडवाहू ज्वारीला ऐनवेळी मिळालेलं एक पाणी म्हणजे पिचकं कणीस आणि भरलेलं कणीस यांच्यातलं अंतर.

मग शेतकरी ऊस का लावतो? कारण त्याच्याकडे डोकं आहे. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे. गिऱ्हाईक ठरलेलं आहे, कारखाना येऊन नेतो. गारपीट झाली, पाऊस लांबला, तरी ऊस बऱ्यापैकी तग धरतो. बँक उसावर कर्ज देते. ज्वारीला यातलं काय आहे? हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याची शाश्वती नाही. ज्वारी उपटायला माणसं मिळत नाहीत. ते काम कमरेचा काटा ढिला करणारं आहे. पाखरं राखायला घरात कोणी उरलेलं नाही. ज्याच्या बांधाला पाणी आलं आहे त्याने ऊस लावू नये असं नुसतं सांगणं मला पटत नाही. ज्वारी, तूर, हरभरा, करडई यांना उसाइतकी हमी द्या आणि मग बघा.

तरीही एक गोष्ट ठामपणे म्हणतो. जिथे पिण्याच्या पाण्याची मारामार आहे तिथे नवा साखर कारखाना उभा राहता कामा नये. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला पाण्याच्या टाकीचे दहा डबे होते, प्रत्येकात पन्नास हजार लिटर. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. आणि लातूर जिल्ह्यातच आधीच्या वर्षांत उसाचं क्षेत्र वाढत गेलं होतं.

ऊसतोड मजुरांचा या विषयाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगरच्या पूर्वेकडच्या भागातून दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. यातल्या अनेकांची गावात दोन-चार एकर जमीन आहे. तिला पाणी असतं तर रब्बीला त्यांनी स्वतःच्या रानात काहीतरी केलं असतं. पाणी त्यांच्या वाट्याला आलं नाही, म्हणून ज्यांच्या वाट्याला आलं त्यांच्या फडात ते राबतात.

आणि जेवतात काय? पहाटे उठून भाकरी, सोबत चटणी किंवा बेसन. फडावर दूध नाही, भाजी क्वचित. पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, सहा महिने. लेकरं एक तर बरोबर असतात, शाळा आणि अंगणवाडी सोडून, नाहीतर मागे म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर. रेशनकार्ड आता देशात कुठेही चालावं अशी सोय झाली आहे. पण गावात राहिलेल्या आजीलाही धान्य लागतं आणि फडावरच्या आईलाही. एका कार्डाची वाटणी करणं अजून अवघडच जातं.

ज्वारीचं एवढं काय कौतुक?

मंगळवेढ्याकडची काळी जमीन पाहिली आहे का? पावसाळ्यात पाय रुतला तर चप्पल तिथेच राहते. उन्हाळ्यात हाताचा पंजा आत जाईल अशा भेगा पडतात. ही जमीन उत्तरा-हस्ताचा पाऊस पोटात धरून ठेवते. भाद्रपद-आश्विनात वाफसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी ओलसर झाली, की शालू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरतात. पुढचे चार महिने जवळजवळ पाऊस नसतो. ज्वारीची मुळं खाली खाली जातात आणि त्या मुरलेल्या ओलीवर, थंडीवर, दवावर पीक उभं राहतं. वाफसा आला की नाही हे आमचे वडील मूठभर माती दाबून बघायचे. गोळा झाला आणि जमिनीवर टाकल्यावर फुटला, तर पेरायचं. चिकट राहिला तर दोन दिवस थांबायचं.

मालदांडी हे याच मातीतलं वाण, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दामाजीपंतांनी बादशहाचं कोठार उपाशी रयतेसाठी उघडलं ती गोष्ट याच मंगळवेढ्याची. हे कोठार ज्या धान्याने भरत होतं त्याला कालव्याचं थेंबभरही पाणी लागत नव्हतं.

ज्वारीचं आणखी एक. दाणा माणसाला, कडबा जनावराला. कडब्याची गंजी म्हणजे दुष्काळाचा विमा. ज्वारीचं क्षेत्र घटलं, तिथे सोयाबीन, ऊस, द्राक्ष आली, तसा कडबाही गेला. कडबा महागला की दावणीची गाय बाजारात जाते. गाय गेली की पोराच्या वाटीतलं दूध जातं. दुष्काळ ताटात असा मागच्या दाराने शिरतो. गेल्या काही वर्षांत ज्वारी बऱ्याचदा गव्हापेक्षा महाग झाली आहे आणि गरिबाची भाकरी गरिबाला परवडेनाशी झाली आहे. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, ते भारताच्याच पुढाकाराने. शहरात ज्वारीची बिस्किटं आली, चांगली गोष्ट आहे. मला मात्र अंगणवाडीच्या ताटात भाकरी हवी आहे.

बोअर मारून प्रश्न सुटत नाही का?

एकाचा सुटतो, शेजाऱ्याचा वाढतो. वर सांगितलं तसं कातळात साठवण कमी. दोनशे फुटांवर पाणी लागलं म्हणून शेजारी तीनशेवर जातो, पुढचा पाचशेवर. खाली नवं पाणी असतं असं नाही, बहुतेक वेळा सगळे एकाच भेगेतलं पाणी वेगवेगळ्या नळ्यांनी ओढत असतात. ज्याची नळी खोल, ज्याची मोटार जादा एचपीची, तो जिंकतो. नारळ फोडून, कर्ज काढून मारलेला आणि धूळ उडालेला बोअर मी कितीतरी घरांत पाहिला आहे. त्या कर्जाचा हप्ता किराण्याच्या पैशातून जातो.

जगात सर्वात जास्त भूजल उपसणारा देश भारत आहे. एकूण जागतिक उपशाच्या सुमारे चौथा हिस्सा. पंजाबात तर हरितक्रांतीच्या गहू-भाताने देशाची कोठारं भरली आणि तिथली भूजलपातळी खाली खाली गेली. शेवटी २००९ साली तिथे कायदा करावा लागला की ठरलेल्या तारखेआधी भाताची लावणी करायची नाही. महाराष्ट्रातही २००९ चा भूजल कायदा आहे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ उपसा रोखण्याची तरतूद त्यात आहे. गावात किती लोकांना ती माहीत आहे, हे एकदा विचारून बघा.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचाही इथेच उल्लेख करतो. ओढ्याचं वाहून जाणारं पाणी धरलं तर शेततळं उपयोगाचं. बोअर चालवून ते भरलं तर जमिनीखालचं पाणी आपण उन्हात वाळत घालतो.

ठिबक केलं की झालं?

ठिबकने एका एकराला पाणी कमी लागतं, हे खरं. पण वाचलेल्या पाण्यावर दुसरा एकर बागायत केला तर गावाचा उपसा तेवढाच राहतो. ठिबक हवंच, सोबत एकूण किती उपसायचं याची मर्यादा हवी.

पाणी वाटून घेता येतं, याचं खरंखुरं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते आपल्याच मातीतलं आहे. बहात्तरच्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंता-उद्योजक पुरंदर तालुक्यात फिरले. खडी फोडणारी माणसं पाहून ते अस्वस्थ झाले आणि नायगावला काम सुरू केलं. त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम आजही वाचताना अंगावर काटा येतो. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, माणसांच्या मोजणीने द्यायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. ऊस नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा.

शेवटचा नियम पुन्हा वाचा. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला पाण्याचा वाटा म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याशी बोलणी करायला बळ. तो पाणी देईल, दुसरा जमीन देईल, पीक दोघांचं. 'पाणी कुणाचं?' या प्रश्नाला याहून न्याय्य उत्तर मी पाहिलेलं नाही. ही पद्धत राज्यभर का पसरली नाही, याचं कारणही याच नियमात आहे. ज्यांच्याकडे जास्त जमीन आणि जास्त पाणी होतं, त्यांना काही सोडावं लागलं असतं.

दुसरं उदाहरण हिवरेबाजार, अहिल्यानगर तालुक्यातलं. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर आधी पाणलोटाची कामं झाली. पण माझ्या मते गाव तरलं ते त्यानंतरच्या नियमांमुळे. शेतीसाठी बोअर नाही. ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिकं नाहीत. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. आणि दरवर्षी पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं: पाऊस किती झाला, विहिरींत किती आहे, माणसांना-जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणतं पीक घ्यायचं. कमी पावसाच्या वर्षी रब्बीचा बेत तसा आखडतात. चर खणणं सोपं आहे. खणलेल्या चरामुळे वाढलेलं पाणी पहिल्याच वर्षी दोन-तीन मोटारींनी ओढून नेलं असं होऊ न देणं, हे कठीण काम आहे.

रेशन असताना पाण्याची चिंता कशाला?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदयच्या, म्हणजे सगळ्यात गरीब, घराला ३५ किलो. २०२३ पासून ते मोफत आहे. या धान्याने किती घरं तगली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्याला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण पाच किलो म्हणजे दिवसाला एकशेसाठ-सत्तर ग्रॅम धान्याच्या जवळपास. पोट अर्धं भरतं, बाकीचं विकत घ्यावं लागतं. शिवाय मिळतात ते गहू-तांदूळ. डाळ, भाजी, दूध, अंडं यांना स्वतःच्या परसात, रानात पाणी लागतं. पूर्वी कोरडवाहू रानात ज्वारीच्या तासांत तूर, मटकी, हुलगा, अंबाडी असायचं. बांधावर घोळ, तांदुळजा मिळायचा. एकसुरी पिकं आणि तणनाशक आल्यावर ते गेलं. आणि हे गहू-तांदूळ पिकतात कुठे? मोठ्या प्रमाणात त्याच भागात, जिथली भूजलपातळी घसरते आहे.

पिण्याचं पाणी आणि कुपोषण यांचा काय संबंध?

इथे 'अंगी लागणं' येतं. अस्वच्छ पाण्याने पोराला महिन्यातून दोनदा जुलाब होत असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही. अंगणवाडीतला आहार वाढवून वजन वाढत नाही तेव्हा आधी पाण्याची टाकी उघडून बघावी.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती अहवालांत सापडत नाही. आमच्या चुलतीच्या घरी दोन घागरी वेगळ्या असायच्या. एक बोअरच्या पाण्याची, एक जुन्या आडाच्या पाण्याची. आडाचं पाणी फक्त डाळीसाठी. बोअरचं पाणी जड, त्यात क्षार इतके की तुरीची डाळ दोन तास उकळली तरी दाणा दाणा राहायची. जळण संपायचं, डाळ शिजायची नाही. उन्हाळ्यात आड आटला की त्या घरात डाळ कमी व्हायची आणि ताटात चटणी-भाकरी उरायची. डाळ डब्यात होती. ती शिजवायचं पाणी नव्हतं.

पाणी आणणाऱ्या बाईचंही बघा. टँकर कधी येईल याचा नेम नाही म्हणून ती रोजंदारी बुडवते. दोन खेपांत कंबर मोडते. घरात सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते खाते. कमी पाण्याच्या घरात सगळ्यात आधी तिचंच अन्न कमी होतं.

इतर विकसनशील देशांत वेगळं काय आहे?

सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत तर ९० टक्क्यांहून जास्त शेती पावसावर आहे, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथला एक प्रयोग आपल्या माणसांना मी नेहमी सांगतो. बुर्किना फासोच्या उत्तरेला यातेंगा भागात १९८० च्या दशकातल्या दुष्काळात जमीन सिमेंटसारखी घट्ट झाली होती. याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने 'झाई' ही जुनी पद्धत सुधारून वापरली: उन्हाळ्यात हात-वीतभर खड्डे खणायचे, त्यात शेणखत-पालापाचोळा घालायचा. वाळवी ते खायला येते आणि जमीन पोखरून भुसभुशीत करते. पहिला पाऊस त्या खड्ड्यांतच मुरतो आणि तिथेच ज्वारी-बाजरी लावायची. सुरुवातीला लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. नंतर हजारो शेतकऱ्यांनी तेच केलं. धरण नाही, पंप नाही, कुदळ आणि शेणखत. २०१८ साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये ते गेले.

दुसरा धागा बाजाराचा. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास असतो. जुलै २०२३ मध्ये पावसाची धास्ती आणि घरातली महागाई यांमुळे भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा खुली झाली. मधल्या काळात तांदूळ आयात करून खाणाऱ्या पश्चिम आफ्रिकेतल्या गरीब घरांना त्याची झळ बसली. इथल्या पावसाची काळजी तिथल्या चुलीपर्यंत जाते ती अशी.

माझ्या गावात सुरुवात कुठून करू?

मोजण्यापासून. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा आणि सातवीच्या पोरांना रोज सकाळी नोंद करायला सांगा. दिवाळीनंतर गावातल्या आठ-दहा विहिरी ठरवा, दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी घ्या आणि तारीख घालून वहीत लिहा. गावाचं क्षेत्र हजार हेक्टर आणि पाऊस पाचशे मिलिमीटर असेल तर गावावर पाचशे कोटी लिटर पाणी पडलं. त्यातलं किती वाहून गेलं, किती मुरलं, याचा अंदाज पाणलोटाची माणसं काढून देतील. मग ग्रामसभेत आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढा. उरलेल्या पाण्यात किती एकर हरभरा, किती ज्वारी, किती चारा बसतो ते सगळ्यांसमोर मांडा. पहिल्या वर्षी कोणी ऐकणार नाही. आकडे मात्र चावडीच्या भिंतीवर लिहा, पुसले जाणार नाहीत अशा रंगाने. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये विहिरी आटायला लागल्या की लोक त्या भिंतीपाशी येऊन उभे राहतात. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी दोघांनी उसाचं बेणं परत केलं आणि त्या रानात करडई पेरली.